पेरणीच्या दिवसांत अर्ज: सोलापुरातून टेक इंटर्नशिप मिळवताना

दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मला सोलापूरहून फोन यायला लागतात. "दादा, तुमच्या कंपनीत समर इंटर्नशिप आहे का?" विचारणारी मुलं-मुली हुशार असतात, कोडिंग बरं येत असतं, घरची ओढाताण आवाजात कळते. पण ज्या जागेबद्दल ती विचारतात, ती बहुतेक वेळा आधीच्या हिवाळ्यातच भरलेली असते. फोन ठेवताना मला फार वाईट वाटतं, कारण तिसऱ्या वर्षाला मीही असाच एप्रिलमध्ये जागा झालो होतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आपल्या जिल्ह्यात ज्वारी रब्बीची. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि कणसं हाती येतात ती फेब्रुवारी-मार्चात. घरी शेती असलेल्या मुलाला हे वेगळं सांगावं लागत नाही. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपची पेरणीही नेमकी याच दिवसांत करायची असते. पुण्या-बेंगळुरूच्या कॉलेजांत हे वातावरणातूनच कळतं: वसतिगृहात शेजारच्या खोलीतला सीनियर ऑगस्टमध्ये टेस्टची तयारी करताना दिसतो. आपल्याकडे ते दिसत नाही, एवढाच फरक. बुद्धीत फरक नाही, हे मी दोन्ही ठिकाणची मुलं बघून सांगतो.

आधी कॅलेंडर भिंतीवर लावा

गूगल, मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉनसारख्या मोठ्या कंपन्यांच्या पुढच्या उन्हाळ्याच्या जागांवर ऑगस्टपासून लक्ष ठेवा. त्यांच्या करिअर पानावर जाऊन जॉब अलर्ट लावला की ईमेल येतो. दिवाळीपर्यंत यातले तुमच्या कामाचे अर्ज गेलेले असावेत. गड्ड्याच्या यात्रेपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, जे मोठ्या कंपन्यांचं राहिलं ते राहिलं असं धरून पुढच्या गटाकडे वळा.

संशोधनाची आवड असेल तर देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात: बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा (भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी) आणि प्रयागराजची नासी (राष्ट्रीय विज्ञान अकादमी). तिचे अर्जही पावसाळा संपल्यावर निघतात. आपल्याकडचे फार थोडे विद्यार्थी हा अर्ज भरतात.

मग येतं ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही बघता आणि सुधारता येणारा खुला कोड, आणि सोलापुरातल्या विद्यार्थ्यासाठी मी याला सगळ्यात जास्त महत्त्व देतो. इथे कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही, तुम्ही लिहिलेला कोड बघतात. गूगल समर ऑफ कोड, म्हणजे गूगलच्या मदतीने एखाद्या ओपन सोर्स संस्थेसाठी करायचं कोडिंगचं काम, २००५ पासून चालू आहे, आणि २०२२ पासून ते विद्यार्थ्यांबरोबर ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्या इतरांसाठीही खुलं आहे. अट वयाची: १८ पूर्ण. निवडलेल्या संस्थांची यादी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात येते, प्रस्ताव मार्च-एप्रिलमध्ये घेतात. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. यादी आल्यावर सुरुवात करणारा उशिरा आलेला असतो. बऱ्याच संस्था वर्षानुवर्षं त्याच असतात, म्हणून मागच्या वर्षाच्या यादीतून एक संस्था डिसेंबरमध्येच निवडा. तिचा कोड आपल्या लॅपटॉपवर चालवून बघा, एखादी छोटी चूक दुरुस्त करून पाठवा. मार्चमध्ये तुमचा प्रस्ताव जाईल तेव्हा संस्थेतला मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, तुम्हाला नावाने ओळखत असेल.

याच जातीची, पण आपल्या जास्त जवळची संधी म्हणजे आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प. शिक्षण मंत्रालयाच्या मदतीने तो चालतो आणि मोफत, खुल्या सॉफ्टवेअरवर काम करतो. त्यांच्या फेलोशिपमध्ये आधी एक काम करून दाखवायला देतात आणि त्यावर निवड होते. सीजीपीए जेमतेम असलेल्या मुलांना मी आवर्जून तिकडे पाठवतो.

पुण्यातल्या छोट्या कंपन्या आणि स्टार्टअप मात्र इतक्या आधी ठरवत नाहीत. त्यांना माणूस लागतो तो तीन-चार आठवड्यांत. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा काळ. शेवटच्या वर्षाची जानेवारी ते जून अशी सहा महिन्यांची इंटर्नशिप हवी असेल, तर तिची शोधाशोध सातव्या सत्राच्या सुरुवातीलाच करावी लागते.

एक प्रोजेक्ट, पण आपल्या गावातला

माझ्यासमोर दर वर्षी रेझ्युमेंचा गठ्ठा येतो. त्यात हवामानाचं अॅप, टू-डू लिस्ट आणि एखाद्या प्रसिद्ध साइटची नक्कल हे तीन प्रोजेक्ट इतक्या वेळा दिसतात की डोळा त्यावरून घसरतो. शिकण्यासाठी ते जरूर करा. पण रेझ्युमेवर वरच्या जागी एक असा प्रोजेक्ट हवा, ज्याचा प्रश्न तुम्ही स्वतः शोधलेला आहे. तो शोधायला सोलापूरसारखं गाव नाही.

उदाहरण देतो. माझं बालपण अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत गेलं, पॉवरलूमच्या खडखडाटात. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्ड या मागावरच्या यंत्राने निघते. जकार्डचं तत्त्व असं: नक्षीच्या प्रत्येक ओळीसाठी एक पुठ्ठ्याचं कार्ड. जिथे भोक, तिथला उभा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथला खाली राहतो. मधून आडवा धागा जातो. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्डने हे यंत्र १८०४ च्या सुमारास आणलं. त्याच्या कार्डांची कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने भोकांच्या कार्डांवर माणसं मोजली. म्हणजे शून्य आणि एकची भाषा आपल्या गल्लीत दिवसरात्र चालू होती, आणि आम्ही कॉलेजात ती परक्यासारखी पाठ करत होतो.

दोन वर्षांपूर्वी मी मार्गदर्शन करत असलेल्या एका विद्यार्थिनीने यावरच प्रोजेक्ट केला: चित्र द्यायचं आणि कार्डांचा नकाशा मिळवायचा. चित्र लहान करून, दोन रंगांत आणून, प्रत्येक ओळ शून्य-एकमध्ये लिहिणं तिला दोन दिवसांत जमलं. मग ती तो कागद घेऊन नात्यातल्या एका काकांच्या कारखान्यात गेली. तिथल्या मास्तरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "हे विणलं तर धागे लोंबतील की!" एका ओळीत सलग बरीच भोकं किंवा सलग बरीच कोरी जागा आली, की आडवा धागा तेवढा लांब सुटा राहतो, बोटात अडकतो, कापड टिकत नाही. मग तिने प्रत्येक ओळीत सलग येणारे सारखे आकडे मोजणारा भाग लिहिला आणि मर्यादेपलीकडे गेलं की मध्ये धागा बांधणारा बिंदू टाकला. पुन्हा मास्तर, पुन्हा दुरुस्ती.

मुलाखतीत तिला पंचवीस मिनिटं याच प्रोजेक्टवर विचारलं. मर्यादा कशी ठरवली? नक्षी बिघडू नये म्हणून बिंदू कुठे टाकला? मोठ्या चित्राला किती वेळ लागतो? प्रत्येक उत्तरामागे तिच्याकडे एक प्रसंग होता. असा प्रोजेक्ट पाठ करावा लागत नाही.

तुमच्या घरी लूम नसेल. मार्केट यार्डातली कांद्याची आवक, डाळिंबाच्या बागेतल्या फवारणीची नोंद, युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यातलं कापड कमी वाया जाईल असं कटिंग, विडी कामगार आईच्या मजुरीचा हिशोब, आषाढीला पंढरपुरात सेवा देणाऱ्या मंडळाचं नियोजन: कुठेही बघा. अट इतकीच की एका खऱ्या माणसाने ते वापरून बघितलेलं असावं आणि त्याने काय सांगितल्यावर तुम्ही काय बदललं हे तुम्हाला सांगता यावं. कोड गिटहबवर ठेवा. सोबतच्या रीडमी फाइलमध्ये प्रश्न काय, चालवायचं कसं आणि काय अजून जमत नाही, हे तिन्ही लिहा. शेवटची ओळ लोक लपवतात. मी ती आधी वाचतो.

घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल, शाळा मराठीत झाली असेल, तर ती तुमची मोठी जमेची बाजू आहे. भारतीय भाषांचं तंत्रज्ञान बनवणाऱ्यांना, उदाहरणार्थ आयआयटी मद्रासमधल्या एआय-फोर-भारतसारख्या गटांना, चाचणीत चूक कानाने ओळखणारा माणूस लागतो. रेझ्युमेवर भाषा शेवटच्या कोपऱ्यात ढकलू नका.

रेझ्युमे

एक पान. पीडीएफ. फाइलचं नाव तुमचं पूर्ण नाव आणि पद. फोटो नको, जन्मतारीख नको, वडिलांचं नाव नको, खाली "वरील माहिती सत्य आहे" ही घोषणा नको. शेजारी शेजारी दोन रकाने आणि रंगीत पट्ट्या असलेले सुंदर साचे टाळा. अनेक कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर रेझ्युमे वाचतं आणि अशा रकान्यांत त्याचा गोंधळ होतो. तपासायची सोपी युक्ती: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाका. तिथे क्रम बिघडलेला दिसला तर समोरच्या यंत्रालाही तो तसाच दिसणार.

प्रत्येक ओळीत तीन गोष्टी याव्यात: काय केलं, कशाने केलं, काय फरक पडला. "पायथन वापरून टेक्सटाइल प्रोजेक्ट केला" ही ओळ काहीच सांगत नाही. "चित्रावरून जकार्ड कार्डांचा नकाशा काढणारा पायथन प्रोग्राम लिहिला, लांब सुटे धागे आपोआप शोधून दुरुस्त केले, कारखान्यातल्या मास्तरांकडून दोनदा तपासून घेतला" ही ओळ वाचून मी फोन उचलतो. आकडा असेल तर खराच टाका. नसेल तर रेटून टाकू नका, पहिल्याच प्रश्नात तो उघडा पडतो.

जी कौशल्यं लिहाल त्यांवर दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. चौदा प्रोग्रामिंग भाषांची यादी बघितली की मला शंका येते. चार बऱ्या.

एक मूळ रेझ्युमे ठेवा आणि त्यावरून दोन-तीन प्रकार तयार करा: वेब, डेटा, एम्बेडेड असे. जाहिरातीत जो शब्द वापरलाय, तो तुम्हाला खरंच येत असेल तर तोच शब्द तुमच्या रेझ्युमेत असू द्या.

चाळीस अर्ज, तीनशे नव्हे

एका रात्रीत लिंक्डइनवरचं "ईझी अप्लाय"चं बटण दीडशे वेळा दाबून सकाळी समाधानाने झोपणारी मुलं मला माहीत आहेत. ती कष्ट करतात, पण ते कष्ट कुणापर्यंत पोहोचत नाहीत. माझा अनुभव सांगतो की हंगामात तीस-चाळीस नीट अर्ज पुरेसे असतात. त्यांचे तीन गट करा. दहाएक जागा अशा, जिथे निवड होणं कठीण पण अशक्य नाही. वीसेक अशा, जिथे जाहिरातीतल्या बहुतेक अटी तुम्ही पूर्ण करता. उरलेल्या जवळच्या: पुण्यातल्या छोट्या कंपन्या, सोलापुरातलं सॉफ्टवेअर करणारं ऑफिस, आपल्याच विद्यापीठातल्या किंवा कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकांचं चालू संशोधन. तिसरा गट कमी प्रतीचा समजू नका. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिथे केलेलं काम तिसऱ्या वर्षी पहिल्या गटाचं दार उघडतं.

गूगल शीटमध्ये एक तक्ता करा: कंपनी, पद, जाहिरातीचा दुवा, शेवटची तारीख, कोणता रेझ्युमे पाठवला, तिथे ओळखीचं कोण, काय उत्तर आलं, पुढे कधी विचारायचं. रविवारी सकाळी अर्धा तास तो तक्ता उघडून बसायचं. पंधरा अर्जांनंतर एकही टेस्ट आली नाही तर दोष रेझ्युमेत आहे. टेस्ट येतात पण पुढे जात नाही तर सराव कमी पडतोय. मुलाखतीत अडतंय तर बोलण्याची तयारी हवी. तक्ता नसला की मुलं हे तिन्ही एकत्र करून "माझं नशीबच नाही" म्हणतात, आणि मला त्याचं फार दुःख होतं, कारण दुखणं बहुतेक एकाच जागी असतं.

ओळख मागताना

आपल्या मुलांना विचारायची लाज वाटते. "सर बिझी असतील," "काय म्हणतील?" मी स्वतः असाच होतो. पण रेफरल म्हणजे वशिला नव्हे. आत काम करणारा माणूस तुमचा रेझ्युमे एचआरच्या यादीत टाकतो, टेस्ट आणि मुलाखत तुम्हालाच द्यायची असते.

लिंक्डइनवर आपल्या कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी असते, ती कंपनीनुसार गाळता येते. वालचंद, ऑर्किड, केगावचं कॉलेज, पंढरपूरचं स्वेरी, कुठलंही असो, सोलापूर जिल्ह्यातून शिकून गेलेला माणूस तुम्हाला बहुतेक मोठ्या कंपन्यांत सापडेल. प्रत्यक्ष ओळखीच्या सीनियरला दादा-ताई म्हणा, अनोळखी माणसाला सर-मॅडम. निरोप असा असू द्या:

"नमस्कार मॅडम, मी आपल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्या कंपनीत समर इंटर्नची अमुक क्रमांकाची जागा निघाली आहे. जाहिरातीत इमेज प्रोसेसिंग मागितलं आहे. मी चादरीच्या नक्षीवरून जकार्ड कार्ड बनवणारा प्रोग्राम केला आहे, त्याचा दुवा आणि रेझ्युमे सोबत जोडला आहे. मी या जागेसाठी योग्य वाटत असेन तर रेफर कराल का? नसेन वाटत, तर काय कमी आहे ते एका ओळीत सांगितलंत तरी मला उपयोग होईल."

"हाय सर" एवढंच पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. आठ दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी रेफरल विचारा, मग अर्ज भरा. अनेक कंपन्यांत स्वतः अर्ज भरून झाला की नंतरचं रेफरल त्याला जोडता येत नाही.

कॉलेजच्या टीपीओ (ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकारी) सरांना मात्र प्रत्यक्ष भेटा, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच. कंपनीचा अचानक फोन येतो तेव्हा त्यांना आठवतं ते केबिनमध्ये येऊन गेलेलं मूल.

टेस्ट आणि मुलाखत

ऑनलाइन टेस्टमध्ये बहुधा तास-दीड तासात दोन-तीन प्रश्न असतात. अॅरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, बायनरी सर्च, ट्री, ग्राफवरचं बीएफएस-डीएफएस एवढं पक्कं करा. रोज एक तास, घड्याळ लावून, जुलैपासून. पाचशे प्रश्न उरकण्यापेक्षा दीडशे असे सोडवा की महिन्याने पुन्हा समोर आले तर न बघता सुटतील.

टेस्टच्या दिवशी वीज जाईल असं धरूनच बसा: लॅपटॉप पूर्ण चार्ज, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार. घरात एकच खोली असेल तर कॉलेजच्या लॅबसाठी दोन दिवस आधी परवानगी काढा. कॅमेरा चालू असतो. मागून कुणी गेलं, दुसरी टॅब उघडली, की नोंद होते.

मुलाखतीतल्या इंग्रजीची भीती मला माहीत आहे, मी मराठी माध्यमातला. दीड मिनिटाची स्वतःची ओळख आणि तीन मिनिटांचा प्रोजेक्ट, एवढंच मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, दहा वेळा. सावकाश बोला. अडलात तर गप्प न बसता मनात काय चाललंय ते साध्या वाक्यांत सांगत राहा. मुलाखत घेताना मला व्याकरण आठवत नाही, विचार कसा पुढे गेला ते आठवतं.

पैसे मागितले की थांबा

तिसऱ्या वर्षाच्या त्या एप्रिलमध्ये, सगळं हातातून गेल्यावर, मी एका कंपनीला तीन हजार रुपये भरून "इंटर्नशिप" घेतली होती. आईने भिशीतून काढून दिले होते. दोन महिन्यांत चार व्हिडिओ आणि एक प्रमाणपत्र मिळालं. पुढे मुलाखतीत त्या प्रमाणपत्राबद्दल विचारलं तेव्हा मला सांगण्यासारखं एकही वाक्य सुचलं नाही. त्या पैशांची सल अजून आहे.

म्हणून स्पष्ट सांगतो. नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, प्रमाणपत्र, कुठल्याही नावाखाली पैसे मागितले तर ती इंटर्नशिप नाही. टेलिग्रामवर आलेलं ऑफर लेटर, जीमेलवरून बोलणारा एचआर, मुलाखतीशिवाय निवड, ही सगळी धोक्याची चिन्हं. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. सरकारी योजनांचीही पात्रता स्वतः वाचा. प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिकत नसलेल्या तरुणांसाठी होती; कॉलेजात शिकणाऱ्या कित्येकांनी ते न बघता आशा लावली होती.

बिनपगारी काम घ्यावं का? घर चालवायला तुमचा हातभार लागत असेल तर नाही. घ्यायचंच असेल तर घरून करण्यासारखं, दोन महिन्यांच्या आतलं, आणि रोज कोड तपासणारा एक माणूस नेमलेला असेल तरच.

पत्र आल्यावर

ऑफर लेटरमध्ये कालावधी, स्टायपेंड, कामाचं ठिकाण आणि कोणाच्या हाताखाली काम, हे चारही लेखी आहे का बघा. रुजू होण्याची तारीख कळवण्याआधी विद्यापीठाचं परीक्षा वेळापत्रक तपासा. पेपर कधी कधी जूनपर्यंत लांबतात आणि कंपनी मेच्या मध्यात बोलावते. अडचण असेल तर पहिल्याच ईमेलमध्ये सांगा, बहुतेक जण समजून घेतात. कॉलेजचं एनओसी (ना हरकत पत्र) आठवडाभर आधी मागा.

पुण्यात राहायचं असेल तर स्टायपेंडचा हिशोब आईवडिलांसमोर बसून करा: खोलीचं डिपॉझिट, मेस, रोजचा प्रवास. पहिला स्टायपेंड महिना संपल्यावर मिळतो, म्हणून पहिल्या महिन्याची सोय आधी हवी. सामान फार नेऊ नका. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेलात तर दुपारी खोली बघून घेता येते. रुजू व्हायच्या तारखेच्या दोन दिवस आधी निघा. आणि ज्या ताईंनी किंवा सरांनी रेफर केलं होतं, त्यांना गाडीत बसल्या बसल्या फोन करून कळवा.